तळटीप : ‘वैकुंठ’

वैकुंठ : इथे विष्णुलोक नव्हे, ख्रिस्ती स्वर्ग. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट १५७९मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये साष्टीतल्या रायतूरला छापले गेले. मराठी ओवी, मधूनमधून कोकणी शब्द, काही ख्रिस्ती संज्ञा थेट पोर्तुगीज, आणि छपाई रोमन लिपीत. ट आणि ड दाखवायला रोमन अक्षर दोनदा जोडलेले. त–ट, द–ड हा भेद परक्या लिपीत जपण्यासाठीची ही धडपड पाहिली की या परदेशी माणसाचा कान किती तयार होता ते कळते. काही अभ्यासकांना ‘वैकुंठ’ ही धर्मप्रसाराची युक्ती वाटते. हेतू धर्मप्रसाराचा होताच. पण ज्यांची जुनी पुराणे पोर्तुगीज सत्तेने हिरावून घेतली, त्या नवख्रिस्ती श्रोत्यांना ओवीची चाल आणि हा शब्द पुन्हा ऐकू आला, तेव्हा त्यांना आपल्याच घरातले काही परत मिळाल्यासारखे वाटले असणार, असे मला मनापासून वाटते. म्हणून प्रस्तुत आवृत्तीत या शब्दाच्या जागी ‘स्वर्ग’ घातलेला नाही.