शेजारच्या जिल्ह्यात उतरलेला उपग्रह आणि आपली शाळा

#थ्रेड

१/ दिनांक १ ऑगस्ट १९७५. कर्नाटकातील गुलबर्गा जिल्ह्याच्या निवडक खेड्यांत त्या दिवसापासून थेट उपग्रहावरून चित्रवाणीचे कार्यक्रम दिसू लागले. शेजारचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, या योजनेत नव्हता. माझे ईट हे गाव (ता. भूम) याच जिल्ह्यातले. माहिती आपोआप वर्गात येऊ लागली तर शिक्षण कसे बदलेल, हा प्रश्न आज नव्याने विचारला जातो. त्याची पहिली मोठी परीक्षा आपल्या सीमेपलीकडे पन्नास वर्षांपूर्वीच झाली होती.

२/ त्या प्रयोगाचे नाव 'सॅटेलाइट इन्स्ट्रक्शनल टेलिव्हिजन एक्सपेरिमेंट', संक्षेपाने 'साइट'. कल्पनेमागे विक्रम साराभाई होते. १९६९ मध्ये भारताचा अणुऊर्जा विभाग आणि अमेरिकेची नासा यांच्यात करार झाला. एटीएस-६ हा उपग्रह नासाचा, कार्यक्रम मात्र भारताचे. सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावे निवडली गेली. प्रयोग प्रत्यक्षात येण्यापूर्वीच, १९७१ च्या डिसेंबरात, साराभाईंचे निधन झाले होते.

३/ यंत्रणा साधी आणि कल्पक होती. जमिनीवरील केंद्रातून कार्यक्रम सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडे जाई आणि तेथून थेट गावात उतरे. मध्ये मनोऱ्यांची साखळी नव्हती. गावात तीन मीटर व्यासाची, खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची छत्री आणि एक सामायिक टीव्ही संच, एवढेच लागे.

४/ मग मराठवाडा बाहेर का राहिला? उपग्रहाचा संकेत राज्याच्या सीमेवर थांबत नाही. थांबले ते संच आणि भाषा. कार्यक्रम हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड या चार भाषांत होते; मराठीत नव्हते. गुलबर्गा आणि उस्मानाबाद हे दोन्ही जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते. पुढे एक म्हैसूर राज्यात गेला, दुसरा मुंबई राज्यात. एकोणीस वर्षांनी त्याच रेषेने ठरवले की आकाशातील शाळा कोणत्या मुलांना दिसेल.

५/ जेथे ती दिसली, तेथे काय घडले? रोज सकाळी सुमारे दीड तास शाळकरी मुलांसाठी राखून ठेवलेला असे. एका भाषेच्या वाट्याला साधारण बावीस मिनिटे येत. मुलांच्या भाषाविकासाला त्याचा लाभ झाल्याचे अभ्यासकांना आढळले. पटसंख्या आणि गळती यांवर मात्र फारसा परिणाम दिसला नाही. याचे कारण माझ्या मते सरळ आहे. शेतातील कामासाठी किंवा धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी घरी थांबलेल्या मुलाची अडचण पडद्यावरील धडा सोडवू शकत नव्हता.

६/ प्रयोगाचा अधिक फलदायी भाग शिक्षकांसाठी होता. सुटीच्या काळात सुमारे बारा दिवसांची विज्ञान-प्रशिक्षणे झाली आणि चाळीस हजारांहून अधिक प्राथमिक शिक्षक त्यांत सहभागी झाले. येथे चित्रवाणी एकटी नव्हती. सोबत आकाशवाणी होती, छापील साहित्य होते, हाताने करायचे प्रयोग होते आणि खोलीत चर्चा घडवणारा मार्गदर्शक होता. पडद्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. शेजारी बसलेल्या माणसाला येतो.

७/ ३१ जुलै १९७६ रोजी वर्ष संपले आणि उसना उपग्रह परत गेला. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी आकाशात गेला. १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' उभी राहिली आणि मराठी मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम तयार होऊ लागले. ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. तीनच वर्षांनी करोनामुळे शाळांना कुलुपे लागली आणि सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू करून मराठी धडे पुन्हा पडद्यावर आणावे लागले.

८/ त्याच २०२० च्या डिसेंबरात आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 'ग्लोबल टीचर प्राइज' मिळाले. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याच्या कामासाठी ते ओळखले जातात. या कोडने एक जुनी उणीव भरून काढली. उपग्रहाचा धडा मुलासाठी थांबत नसे; कोडमागचा धडा थांबवता येतो, पुन्हा पाहता येतो. मात्र कोड प्रत्येक पुस्तकावर छापता येतो, फोन प्रत्येक घरात छापता येत नाही.

९/ आता कृत्रिम बुद्धिमत्तेची पाळी आहे. 'साइट'च्या अनुभवावरून तिला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ती मुलाच्या भाषेत बोलते का? ती आपली आहे की उसनी? आणि वर्गात शिक्षक तिच्यासोबत आहे, की तिच्याऐवजी कोणीच नाही? गुलबर्ग्याला यंत्र मिळाले, उस्मानाबादला मिळाले नाही. पण गळती रोखण्याचे काम दोन्हीकडे माणसांसाठीच शिल्लक राहिले.

१०/ तुमच्या गावच्या शाळेत पहिला टीव्ही किंवा पहिला संगणक कधी आला? तो कोण सुरू करत असे, आणि कुलूपबंद कधी झाला? घरातील मोठ्यांना विचारा आणि येथे लिहा. आपल्या शाळांचा हा इतिहास अजून बहुतांशी आठवणींतच आहे.