ऐंशी रुपयांचे भांडवल

दिवाळीच्या फराळात मान चकलीचा नि करंजीचा. पापडाला कोणी विचारत नाही. तरी यंदा मी पापडाचीच हकीकत सांगायला बसले आहे. ‘लिज्जत’ची मुख्य कचेरी आमच्या वांद्र्यात, आणि माझ्या वर्गातल्या काही मुलांची फी त्यांच्या आयांनी पापड लाटून भरलेली.

15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी जमल्या. जसवंतीबेन पोपट त्यांतल्याच. शिक्षण बेताचे, हातात कसब एकच, तेही घरोघर असणारे. छगनलाल पारेख या समाजसेवकाकडून त्यांनी 80 रुपये घेतले. त्या दिवशी चार पाकिटे झाली आणि भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याने ती घेतली.

ते 80 रुपये उसने होते बरे का, दान नव्हे! तोटा आला तरी देणगीसाठी हात पसरायचा नाही, असे या बायकांनी ठरवले. मला इतिहासातल्या पुष्कळ तहांपेक्षा हा ठराव मोठा वाटतो. दान घेणाऱ्याच्या मालाला कोणी नावे ठेवत नाही. गिऱ्हाईक मात्र ठेवते. आरंभी स्वस्तात विकायला हलक्या प्रतीचे पापडही निघत. प्रत उतरू देऊ नका, असे छगनबाप्पांनी बजावले.

पहिल्या पावसाळ्यात ऊनच नाही. चार महिने काम बंद! दुसऱ्या वर्षी खाट आणि स्टोव्ह आणला. वर पापड, खाली स्टोव्ह. कोणत्या इंजिनियराला हे सुचले असते?

पुढे रीत बसली ती अशी: सकाळी मळलेले पीठ घरी न्यायचे, मुलेबाळे सांभाळून लाटायचे, दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड पोचवून लाटणावळ घ्यायची. 1966 मध्ये खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची मान्यता मिळाली. आज 40,000 हून अधिक ‘बहिणी’ यात आहेत. सभासद फक्त बायकाच, आणि नफ्यातोट्याच्या वाटेकरीही त्याच.

यातून कोणी बंगले बांधले नाहीत. जितके लाटावे तितकेच पैसे. खांदा धरला की हातही थांबतो. एका विद्यार्थ्याच्या आईला मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, “बाई, वाण्याकडची उधारीची वही बंद झाली, एवढेच.”

त्याच मुलाच्या प्रवेशपत्रावर आईच्या नावापुढे मी सवयीने ‘घरकाम’ लिहिले होते. तिने बोट ठेवून सांगितले, “खोडा ते. भागीदार लिहा.”

मी खोडले.