बनातीच्या गिरणीतून हिरवळीवर

वर बसून चालवायचे गवतकापणीचे यंत्र दुरुस्तीवाल्याकडून तेलपाणी होऊन, पाते पाजळून परत यावे आणि हिरवळीवर उतरताच ते पूर्वीपेक्षाही वाईट कापू लागावे, ही बागमालकांची नेहमीची तक्रार आहे. तिचे मूळ शोधू गेल्यास या यंत्राच्या वंशावळीतच शिरावे लागते.

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात, स्ट्राउड गावाच्या परिसरातील गिरण्यांत तयार होणारी तांबडी बनात पलटणींच्या गणवेशासाठी नावाजलेली होती आणि ईस्ट इंडिया कंपनी तिचे मोठे गिऱ्हाईक होती. बनातीची लव काटेरी बोंडांनी उभी करून मग ती सारखी छाटावी लागे. त्यासाठी त्याच मुलखातील जॉन लुइस याने 1815 साली फिरत्या पात्यांच्या यंत्राचे पेटंट मिळविले. अशी यंत्रे पाहूनच, जे पाते लव छाटते ते तृणही छाटील, हा विचार एडविन बिअर्ड बडिंग या यंत्रकारागिराला सुचला, असे मानले जाते. त्याच्या गवतकापणीच्या यंत्राचे पेटंट 31 ऑगस्ट 1830 चे. भांडवल आणि कारखाना जॉन फेराबी याचा.

तोवर हिरवळ लांब दांड्याच्या विळ्याने, आणि तीही दव असतानाच कापीत, कारण सुकलेले तृण पात्यापुढे आडवे होई. बडिंगच्या यंत्रात रुळाच्या गतीने फिरणारी पिळाची पाती खालच्या स्थिर पात्याला चाटून जात आणि मधली काडी कात्रीत सापडल्याप्रमाणे तुटे. सारी करामत त्या दोन पोलादांमधील केसाएवढ्या अंतराची. ते बिघडले की धार कितीही असो, गवत नुसते वाकते.

पुढे शतकभर बदलत गेली ती ओढणारी शक्ती. 1842 च्या सुमारास स्कॉटलंडच्या शँक्स याने मोठे यंत्र घोड्याला जुंपले आणि खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून घोड्यांच्या पायांत चामडी बूट चढविले गेले. हिंदुस्थानात तोच मान बैलांकडे गेला, बुटांची चैन मात्र त्यांच्या वाट्याला क्वचितच आली असेल. 1893 मध्ये वाफेचे आणि 1902 मध्ये पेट्रोलचे यंत्र आले, तरी कापण्याची कला बनातवाल्यांचीच राहिली.

खरे परिवर्तन घडले ते आडव्या फिरत्या पात्याने. वर बसून चालवायच्या यंत्रात हेच पाते असते; येथे खालचे स्थिर पातेच नाही. पात्याच्या टोकाकडील वर वळलेला पंख वारा ओढून गवताला उभे करतो आणि मग वेगाने त्याचा शिरच्छेद होतो. जुन्या वळणाचा कारागीर मात्र धारेवर संतुष्ट राहतो. पाते पाजळून उलटे बसविले की पंख जमिनीकडे वळतो, बोथट कड पुढे येते आणि काडी तुटण्याऐवजी फाटून तिचे टोक तपकिरी पडते. पाते सुलटे असूनही पट्टा सैल राहिला, तर वेग आणि त्याबरोबर वाराही मंदावतो; एका बाजूच्या टायरमध्ये हवा कमी असली, तर हिरवळीवर पायरी उमटते. म्हणून धार पाहण्यापूर्वी यंत्र सपाट फरशीवर उभे करावे, टायरांची हवा सारखी करावी, आणि पात्याचे पुढचे टोक मागच्यापेक्षा पाव इंचापर्यंत खाली आहे की नाही, ते पट्टी लावून मोजावे.