हमालीचे पैसे नेमके कुठे जातात?

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढतोय. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त माझे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" कमी केलेत.

सुरुवात एका कागदापासून. आमचं गाव निमगाव केतकी, तालुका इंदापूर. लोक गावाला ओळखतात ते पानमळ्यांमुळे आणि तुकोबारायांच्या पालखीच्या मुक्कामामुळे. आमच्याकडे डाळिंब आहे. माल पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला की संध्याकाळी हिशेबपट्टी येते. वर एकूण रक्कम, खाली कापलेले पैसे: भाडं, हमाली, तोलाई. लहानपणी अप्पा मला ही पट्टी मोठ्याने वाचायला लावायचे. हमालीचा आकडा आला की त्यांचं वाक्य ठरलेलं, "आपण वर्षभर राबायचं आन् हे दोन मिनिटात क्रेट उतरवून पैसे घेणार."

मलाही तेच वाटायचं. मध्यंतरी माझ्या एका मित्राच्या कंपनीत कपात झाली. त्यांच्या टीमला एकत्र नाही बोलावलं. एकेकाला वेगळ्या मीटिंग रूममध्ये नेलं, समोर राजीनाम्याचा मेल तयार, "आत्ता सही केलीस तर दोन महिन्यांचा पगार." मित्राने सही केली. बाहेर आल्यावर कळलं, शेजारच्या रूममधल्या मुलीला तीन महिन्यांचा दिला होता. तो मला म्हणाला, "आम्ही दहा जण एकत्र बसलो असतो ना, तर कुणीच सही केली नसती." त्या रात्री मी कामगार संघटनांबद्दल वाचायला लागलो आणि वाचता वाचता पोचलो कुठे, तर अप्पांच्या पट्टीवरच्या हमालीपाशी.

थोडं मागे जाऊ. 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. लोखंडे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, 'दीनबंधु' चालवणारे. आपल्याला रविवारी सुट्टी असते ना, मुंबईच्या गिरण्यांमध्ये ती मिळाली 1890 मध्ये, त्यांच्या प्रयत्नांमुळे. पुढे 1920 मध्ये मुंबईतच आयटक स्थापन झाली, लाला लजपतराय पहिले अध्यक्ष. आयटक ही एका कारखान्याची युनियन नव्हती, ती युनियनांची युनियन होती. आदल्या वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटना सुरू झाली होती. तिथे भारतातल्या कामगारांच्या वतीने कोण बोलणार, हा प्रश्न होता. शंभर छोट्या युनियन शंभर गोष्टी बोलून चालणार नव्हतं.

गिरणी कामगाराला निदान एक गेट होतं. मालक कोण ते माहीत होतं, संप केला तर कुठे बसायचं ते माहीत होतं. हमालाचं काय? सकाळी एका व्यापाऱ्याची गाडी उतरवायची, दुपारी दुसऱ्याची, संध्याकाळी तिसऱ्याची. मालक कोण विचारलं तर प्रत्येकजण शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवणार. मालक नाही, म्हणजे हजेरीपट नाही. हजेरीपट नाही, म्हणजे फंड नाही, ग्रॅच्युइटी नाही, रजा नाही. एका टोळीने दर वाढवून मागितला तर व्यापारी पलीकडच्या टोळीला हाक मारणार. मित्राच्या कंपनीतल्या वेगवेगळ्या मीटिंग रूम आठवल्या की नाही?

पुण्यात नाना पेठेत डॉ. बाबा आढाव दवाखाना चालवायचे. आसपास भवानी पेठेचा बाजार, त्यामुळे पाठदुखी, सांधेदुखी घेऊन हमाल यायचे. शंभर शंभर किलोची पोती पाठीवर वाहून झालेलं दुखणं गोळीने किती दिवस थांबणार? 1950च्या दशकाच्या मध्यावर हमाल पंचायत उभी राहिली. नाव बघा, "युनियन" नाही, "पंचायत". एका दुकानाचे किंवा एका टोळीचे नाही, अख्ख्या बाजाराचे हमाल एका ठिकाणी. त्यामुळे दराची बोलणी टोळी आणि दुकानदार यांच्यात न होता सगळे हमाल आणि सगळे व्यापारी यांच्यात व्हायला लागली. पलीकडच्या टोळीला हाक मारायची सोयच उरली नाही.

तिकडे मुंबईत मशीद बंदरच्या बाजारात सातारा भागातून गेलेले माथाडी अण्णासाहेब पाटलांच्या मागे एकवटले होते. या सगळ्या रेट्यातून 1969 मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला.

माझ्यातल्या इंजिनिअरला हा कायदा आवडला, कारण त्याची रचना साधी आहे. मालक सापडत नाही ना? मग मधे एक मंडळ बसवा. हमालाची नोंद मंडळाकडे, व्यापाऱ्याचीही नोंद मंडळाकडे. टोळीने केलेल्या कामाची मजुरी व्यापाऱ्याने मंडळात भरायची आणि वर ठरलेल्या टक्क्यांनी लेव्ही भरायची. मंडळ हमालाला महिन्याला पगार देणार आणि लेव्हीतून त्याचा फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधोपचार भागवणार. मंडळावर कामगारांचे आणि मालकांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने, सोबत सरकारचे. हमालाने किती दुकानं बदलली याने काही फरक पडत नाही, त्याचं खातं एकच राहतं. ॲपवर डिलिव्हरी करणाऱ्या मुलांना सामाजिक सुरक्षा कशी द्यायची यावर आज चर्चासत्रं होतात. आपल्याकडे त्याचं एक उत्तर पन्नास वर्षांहून जास्त काळ चालू आहे.

गावोगावच्या बाजारांतल्या हमाल-तोलणारांच्या संघटनांना जोडायला महाराष्ट्र राज्य हमाल मापाडी महामंडळ आहे. एका गावात कमी दर आणि दुसऱ्या गावात जास्त, असं फार ताणलं तर शेवटी सगळ्यांचाच दर खाली येतो. पोत्याच्या वजनाचंही तसंच. 1967 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने माणसाने उचलायच्या ओझ्यासाठी 55 किलोची मर्यादा सुचवली. आपल्याकडे पोतं 50 किलोचं व्हावं म्हणून हमाल संघटना वर्षानुवर्षं मागे लागल्या. ही मागणी एकट्या पुण्याने करून भागत नाही, पोतं भरलं जातं दुसऱ्याच जिल्ह्यात. हमाल पंचायतीने 1974 मध्ये कष्टाची भाकर नावाने स्वस्त जेवणाची केंद्रंही सुरू केली. पुण्यात शिकायला असताना मी तिथे जेवलोय, तेव्हा यातलं काहीही माहीत नव्हतं.

आपल्या इंदापूर-बारामतीकडचंच दुसरं उदाहरण द्यायचं तर साखर कामगार. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्यातला कामगार असो की माळेगावचा, त्याची पगारवाढ राज्यपातळीवरच्या त्रिपक्षीय समितीत ठरते: सरकार, कारखाने आणि कामगार संघटना. एकेका कारखान्याच्या गेटवर ती वेगळी ठरली असती तर अडचणीतल्या कारखान्याचा कामगार कायम मागेच राहिला असता.

आता दुसरी बाजू, नाहीतर तुम्ही म्हणाल हा एकांगी बोलतोय. माथाडीच्या नावावर खंडणी उकळणाऱ्या बोगस टोळ्या आहेत, चाकणसारख्या औद्योगिक भागातून अशा तक्रारी सतत येतात. 2023 मध्ये सरकारने कायदा बदलणारं विधेयक आणलं, तेव्हा बोगसगिरी रोखणं हेच कारण सांगितलं. बाबा आढावांसह माथाडी नेत्यांनी विरोध केला, कारण त्यांच्या मते त्यात खऱ्या हमालाचंच संरक्षण जात होतं. आणि शेतकऱ्याचा राग तर माझ्या घरातच आहे. भाव पडलेल्या दिवशी पट्टीवरची प्रत्येक कपात टोचते. 2016 पासून फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं, तेव्हा अप्पांचा प्रश्न होता, "मग हमाली का आमच्याकडनं?" प्रश्न चुकीचा नाही. पण ती मागणी व्यापाऱ्याकडे आणि बाजार समितीकडे करायची आहे. क्रेट उतरवणाऱ्याचा फंड बंद करून आमच्या डाळिंबाचा भाव वाढणार नाही.

मागच्या महिन्यात हे सगळं अप्पांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाले, "त्या हमालाला म्हातारपणी ग्रॅच्युइटी मिळती?" मी म्हटलं, नोंदीत असेल तर मिळते. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आन् मला?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. डाळिंबवाल्यांची अशी पंचायत का नाही, हा पुढच्या भागाचा विषय. तोपर्यंत एक काम करा. घरात जुनी हिशेबपट्टी असेल तर शोधा, त्यावर काय काय कापलंय ते घरच्या मोठ्यांना विचारा आणि ते काय म्हणाले ते मला व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू.