नेटवर्कवरील फाइल आणि शिळी प्रत

दुसऱ्या संगणकावरील फाइल जणू आपल्याच संगणकावर आहे, अशा रीतीने वापरू देणाऱ्या व्यवस्थेस नेटवर्क फाइल प्रणाली म्हणतात. सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने १९८४ साली विकसित केलेली ‘एनएफएस’ ही त्यांतील सुपरिचित प्रणाली. दर वेळी सर्व्हरकडे जावे लागू नये म्हणून कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, वाचलेल्या मजकुराची प्रत मेमरीत ठेवते. हीच ‘कॅशे’. तिच्यामुळे वेग वाढतो. मात्र ती शिळी केव्हा झाली हे ओळखणे कठीण असते.

ठाकूरद्वारच्या एखाद्या छापखान्याचे उदाहरण घेता येईल. लग्नपत्रिकेची फाइल सर्व्हरवर आहे आणि एका संगणकावरून मुहूर्त ‘११.४२’ऐवजी ‘१२.११’ केला गेला. दुसऱ्या संगणकावर ती उघडताच तेथील कर्नेल सर्व्हरला फाइलचा आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ विचारते. फरक आढळला तरच जुनी प्रत टाकली जाते. चार अंकांच्या जागी चारच अंक आल्याने आकार तोच. सारी भिस्त वेळेवर.

लिनक्समध्ये त्रुटी नेमकी येथेच होती. वेळेची नोंद घड्याळाच्या ठोक्यागणिक, म्हणजे १ ते १० मिलिसेकंदांनी पुढे सरके. एकाच ठोक्यात दोन बदल झाले आणि मधल्या क्षणी वाचन झाले, तर दुसरा बदल दिसतच नसे. माणसाच्या हातून असे क्वचित घडते. भराभर लिहिणाऱ्या प्रोग्रामकडून मात्र घडू शकते. चुकीचा कोणताही संदेश न येता जुनाच मुहूर्त छापला जाण्याचा धोका राही. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत वेळेऐवजी बदल-क्रमांक तपासला जातो. पण काही डिस्क-प्रणालींत तोही वेळेवरूनच काढला जातो.

प्रत्येक बदलाची सूक्ष्म वेळ नोंदवल्यास डिस्कवरील लेखनाचा भार वाढतो. म्हणून मधला मार्ग निघाला : मागील वेळ कोणी विचारली असेल, तरच पुढील बदलास सूक्ष्म वेळ द्यायची. २०२३ मध्ये ही दुरुस्ती लिनक्सच्या ६.६ आवृत्तीसाठी स्वीकारली गेली, परंतु आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वीच मागे घ्यावी लागली. कारण नंतर बदललेली फाइल आधीच्या फाइलहून जुनी भासू लागली. पुढे सूक्ष्म वेळेच्या मागे कोणतीही नवी नोंद जाऊ नये, असा बंध घालण्यात आला. जानेवारी २०२५ मधील ६.१३ आवृत्तीत ही सुधारणा आली. तिचा लाभ होण्यासाठी सर्व्हरचे कर्नेल अद्ययावत असणे आवश्यक आहे.