काळ (काल)

काळ : पुल्लिंगी नाम. संस्कृत रूप काल. मुख्य अर्थ : वेळ, युग, ऋतू, क्रियापदाचा काळ, मृत्यू, यम. ‘काळा’ हे रंगवाचक विशेषण आणि ‘काल’ (आजच्या आधीचा दिवस) हे क्रियाविशेषण कानाला जवळचे वाटले, तरी ते वेगळे शब्द आहेत. महाकालाच्या उज्जैनमध्ये (प्राचीन अवंती, उज्जयिनी) या शब्दाचे बहुतेक अर्थ देवळात आणि वेधशाळेत प्रत्यक्ष भेटतात.

व्युत्पत्ती : परंपरा हा शब्द ‘कल्’ म्हणजे मोजणे या धातूपासून साधते. अथर्ववेदाच्या १९व्या कांडात कालाची दोन सूक्ते आहेत. वैशेषिकांनी काल हे नऊ द्रव्यांपैकी एक मानले. अमरकोशात स्वतंत्र कालवर्ग आहे आणि यमाच्या नावांतही ‘काल’ येते. गीतेच्या ११व्या अध्यायात श्रीकृष्ण विश्वरूप दाखवताना स्वतःला लोकांचा क्षय करणारा काल म्हणवतात. आयुष्य मोजणारा तोच ते संपवणारा, हा विचार वेळ आणि मृत्यू या दोन अर्थांना जोडतो. रंगवाचक ‘काल’ला मात्र अनेक भाषाभ्यासक निराळा शब्द मानतात.

मराठीतील अर्थ : मराठीने ल आणि ळ यांचा भेद अर्थासाठी वापरला. ‘काल’ हा ‘कल्य’ (पहाट) या शब्दापासून आला. त्याच कुळातला हिंदी ‘कल’ मागचा आणि पुढचा असे दोन्ही दिवस दाखवतो. मराठीत पुढच्या दिवसाला ‘उद्या’ आहे. सकाळ, संध्याकाळ, सुकाळ, दुष्काळ यांत काळ उघड दिसतो. उन्हाळा आणि हिवाळा यांत उष्णकाल, हिमकाल मुरलेले आहेत. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ या म्हणीत काळ म्हणजे मृत्यू. ‘म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो’ यातही तोच काळ आहे, आणि चुकीचा पायंडा पडण्याचे भय त्याच्या रूपाने मांडले आहे. संगीतात टाळी नसलेल्या खालीच्या जागेलाही ‘काल’ म्हणतात. त्रितालात ती नववी मात्रा. निराळ्या, रंगवाचक शब्दावरून मात्र शेतजमीन ती ‘काळी’ आणि गावठाण ती ‘पांढरी’. उज्जैन ज्या माळव्यात आहे, तिथली जमीनही काळीच.

महाकाल : महाकालेश्वर हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असून ते दक्षिणमुखी मानले जाते. दक्षिण ही यमाची दिशा, म्हणून मृत्यूवरही सत्ता चालवणारा देव या भावनेने भाविक त्याच्याकडे येतात. पहाटेची भस्मारती त्याच श्रद्धेचा भाग. कालिदासाने मेघदूतात महाकालाच्या सायंपूजेचे वर्णन केले आहे. तेराव्या शतकात इल्तुतमिशाच्या स्वारीत उद्ध्वस्त झालेले हे मंदिर राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात पुन्हा उभारले. क्षिप्रा नदीकाठच्या कालभैरवाला मद्याचा नैवेद्य असतो.

कालगणना : सूर्यसिद्धान्तादी ग्रंथांत शून्य रेखांश अवंतीवरून जातो. अरबी भूगोलज्ञांकडे हेच नाव ‘अरीन’ होऊन पोचले आणि तिथून युरोपातील लॅटिन ग्रंथांत गेले. जयपूरच्या सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उज्जैनला वेधशाळा बांधली. तिच्यात सम्राट, नाडीवलय, दिगंश व भित्ती ही यंत्रे आहेत. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार केला. सम्राटयंत्राची सावली स्थानिक सौर वेळ दाखवते. उज्जैनचा रेखांश सुमारे ७५°४६′ पूर्व आणि भारतीय प्रमाणवेळेचा ८२°३०′. म्हणून तिथली मध्यम स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटे मागे असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वेधशाळेच्या परिसरात दिवसाचे ३० मुहूर्त दाखवणारे विक्रमादित्य वैदिक घड्याळ सुरू झाले. महाकालापुढे हात जोडणारा आणि सम्राटयंत्राची सावली वाचणारा, दोघेही इथे एकाच शब्दाचे अर्थ शोधतात. म्हणून ‘काळ’ समजून घ्यायला उज्जैनसारखे दुसरे गाव नाही.