खाडी पोहणारी टंकलेखिका

मागच्या व्याख्यानात आपण कॅप्टन मॅथ्यू वेबपाशी थांबलो होतो. १८७५ साली त्याने इंग्लिश खाडी पोहून पार केली, तिथपर्यंत. आज बोलायचंय ते मर्सिडीज ग्लाइट्झबद्दल. लंडनमधली टंकलेखिका, आईवडील जर्मन, आणि मनात एक ध्यास : पोहून पैसा उभा करायचा आणि निराधार लोकांना निवारा द्यायचा.

७ ऑक्टोबर १९२७ रोजी, आठव्या प्रयत्नात, ती फ्रान्सच्या ग्री-ने भूशिरापासून निघून १५ तास १५ मिनिटांनी इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. खाडी पोहणारी पहिली ब्रिटिश स्त्री. इथपर्यंत सगळं छान.

चारच दिवसांनी डोरोथी लोगन नावाच्या डॉक्टरबाई पुढे आल्या. आपण १३ तास १० मिनिटांत खाडी पोहलो, असं त्यांनी जाहीर केलं. एका वर्तमानपत्राचं १००० पौंडांचं बक्षीसही त्यांना मिळालं. आणि मग त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, की बराच वेळ मी बोटीतच होते! लबाडी किती सोपी आहे हे दाखवायचं होतं, असं त्यांचं म्हणणं. पैसे परत केले, खोट्या प्रतिज्ञेबद्दल दंडही भरला. पण मला विचाराल तर बाईंचा मुद्दा बिनतोड होता. कुस्तीच्या फडात पैलवान चीत झाला की हजार डोळे साक्षीला असतात. खाडीच्या मध्यावर, अंधारात कोण असतं? बोटीतली आपलीच चार माणसं.

भुर्दंड बसला तो ग्लाइट्झला. लोक तिच्याकडेही संशयाने बघू लागले. आता हा नुसत्या विक्रमाचा प्रश्न नव्हता. जिच्या नावावर गरिबांसाठी निधी जमवायचा, तिचंच नाव खोट्यात गेलं तर पैसे देणार कोण? म्हणून २१ ऑक्टोबरला ती पुन्हा पाण्यात उतरली, या वेळी पत्रकारांच्या देखत. पाणी आणखी गारठलेलं. १० तास २४ मिनिटांनी, शुद्ध हरपत चालली तेव्हा तिला वर ओढून घ्यावं लागलं. किनारा काही मैलांवर राहिला. पोहणं फसलं म्हणायचं. पण तसल्या थंडीत ती किती टिकते हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पहिल्या पोहण्याबद्दलची कुजबुज तिथेच थांबली.

त्या दिवशी तिच्या गळ्यात रोलेक्सचं ऑइस्टर घड्याळ होतं. नोव्हेंबरमध्ये कंपनीने डेली मेलच्या पहिल्या पानावर त्याची जाहिरात केली. गंमत अशी, की ही घड्याळाची गोष्ट आजही सांगितली जाते. तिच्या निधीची फारशी कुणी सांगत नाही.

त्याच वर्षी चॅनल स्विमिंग असोसिएशन स्थापन झाली. सोबतच्या बोटीवर निरीक्षक बसू लागला. तो वेळ टिपतो, नोंदी ठेवतो. पोहणाऱ्याने बोटीचा आधार घेतला की पोहणं बाद.

ग्लाइट्झ पुढे १९२८ साली जिब्राल्टरची सामुद्रधुनी पोहली, तीही सगळ्यांत आधी. मग गावोगावच्या तरणतलावांत सलग पोहण्याचे जाहीर कार्यक्रम, कधी ४० तासांहून जास्त. लोक तिकीट काढून यायचे, तिला झोप लागू नये म्हणून एकसुरात गाणी म्हणायचे. त्या कमाईतून १९३३ साली लेस्टर शहरात तिच्या नावाची निवासगृहं उघडली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून ती गेली. निधी मात्र उरला, आणि गरजूंना मदत देत राहिला.